आबांची झडप आणि व्याह्यांचा मान

माझे वडील आयुष्यात कुणापुढे वाकले नाहीत, असं आमच्या गावात अजून अभिमानानं सांगतात. खरं आहे. वाकले नाहीत, उभे राहिले. माझे सासरे दिसले की उभे राहिले. जेवत असतील तर घास ताटात ठेवून उभे राहिले, दाढी करत असतील तर एका गालाला साबण तसाच ठेवून उभे राहिले. एकदा भातलावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात होते, बांधावर सासरे दिसले, तर रोपांची जुडी छातीशी धरून तिथंच ताठ झाले आणि म्हणाले, "या पावनं." मुलीच्या बापानं व्याही आल्यावर बसून राहायचं नसतं. हे आबांना कुणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. जन्मतःच येत असावं, भूक लागते तसं.

सासऱ्यांना आम्ही घरात मामंजी म्हणतो. आमचं घर लोणावळ्यात, आणि खंडाळ्याला घाटाच्या कडेला दोन बंगले, ते पर्यटकांना भाड्यानं द्यायचे हा धंदा. धंदा म्हणजे बुकिंग मी घेते, चादरी मी बदलून घेते, गीझरवाल्याच्या मागे मी लागते, आणि मामंजी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून मान घेतात. मान घेणं हेही काम आहे. त्याला वेळ द्यावा लागतो. समोरचा उभा राहिला की लगेच 'बसा' म्हणायचं नसतं. आधी सावकाश चपला काढायच्या, मग पाणी प्यायचं, मग वर आढ्याकडे बघून यंदाच्या पावसाबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि मग आत्ता कुठे लक्षात आलं अशा आवाजात म्हणायचं, "अरे, बसा की! उभे का?" तोवर आबा उभे.

तोवर मीही उभीच. सुनेनं सासऱ्यापुढे खुर्चीत बसायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तो कुणी कधी तोंडानं बोलून दाखवला नाही, त्यामुळे त्यावर भांडताही आलं नाही. माझी पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, केस रंगवायचेही मी सोडून दिले, पण मुंबईच्या गिऱ्हाइकाला "येस सर, स्विमिंग पूल क्लीन आहे सर" हे मी अजून उभ्यानं सांगते. मामंजी शेजारी खुर्चीत बसून ऐकतात आणि मी फोन ठेवला की गिऱ्हाइकाशी कसं बोलायला हवं होतं ते सांगतात.

आबांना दम लागायला लागला तो आधी कुणाच्या लक्षात आला नाही. माझं माहेरचं गाव इंदुरीच्या पलीकडे, नदीकाठच्या खाचरात आबांचा भात. घरातून खाचरापर्यंत जाताना ते मध्येच थांबून पिकाकडे बघायला लागले. माझ्या भावाला वाटलं, म्हातारा आता शेताच्या जास्तच प्रेमात पडला. मग एका साखरपुड्यात मामंजी मांडवात शिरले, आबा नेहमीसारखे झटक्यात उठले आणि तसेच खाली कोसळले. लगेच मांडवातल्या प्रत्येकाला निदान सुचलं. कुणी पित्त म्हणालं, कुणी उन्हाचा त्रास, एका मावशीनं तर दृष्ट काढायला मीठ-मिरच्याही आणवल्या. मामंजींनी पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाले, "वय झालं आता त्यांचं." मामंजी आबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत.

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहराच बदलला. इको झाला, सीटी झाला. मग त्यांनी मला आणि भावाला समोर बसवून पडद्यावर दाखवलं. हृदयातून शरीराला रक्त जातं त्या दारावरची झडप, तिच्यावर कॅल्शियम साठून साठून ती दगडासारखी झाली होती. नीट उघडत नव्हती. उठलं की डोक्याला रक्त कमी पडायचं, म्हणून मांडवात ते कोसळले. पडद्यावर ती झडप पांढरीशुभ्र दिसत होती. मला ओळखीचं वाटलं. आमच्या बंगल्यांना बोअरचं पाणी आहे, गीझरची कॉइल उघडली की तिच्यावर असाच थर निघतो.

"असंच राहिलं तर?" भावानं विचारलं.

"असंच राहिलं तर फार दिवस राहणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती, हे मला आवडलं.

कॅल्शियमचा शोध गावात पोचला आणि त्याचा लगेच चुना झाला. आबा तंबाखू खातात, तंबाखूला चुना लावतात, तेव्हा एवढ्या वर्षांचा चुना काळजाला जाऊन लागला हे गावानं एकमतानं ठरवलं. आबांची चुन्याची डबी जप्त झाली. तंबाखू मात्र राहिली, कारण तंबाखूत कॅल्शियम नसतं. पाठोपाठ कुणीतरी दूध बंद केलं, कुणी पाणी उकळून द्यायला सांगितलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, खाल्लेल्या चुन्याचा ह्याच्याशी संबंध नाही, हे वयानं होतं, आणि बंद करायचीच असेल तर ती तंबाखू करा. हे मी गावात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि डबी काही परत दिली नाही.

छाती उघडून ऑपरेशन करण्यासारखं आबांचं वय नव्हतं आणि फुप्फुसंही नव्हती. दुसरा रस्ता जांघेतून होता. जांघेतल्या धमनीतून नळी वर न्यायची, घडी घातलेली नवी झडप जुनीच्या आत नेऊन उघडायची.

"आणि जुनी?" मी विचारलं.

"जुनी काढत नाही. ती कडेला चेपली जाते. सगळी भानगड तिथंच आहे."

मग बाईंनी ती भानगड सांगितली. साध्या माणसाच्या झडपेत हे काम सरळ होतं. आबांच्या झडपेत कॅल्शियमचे खडे होते, एक तर अगदी खालपर्यंत उतरला होता. अशा खडबडीत जागी नवी झडप गोल बसत नाही, कडेनं फट राहते आणि तिथून रक्त उलटं गळतं. फट बुजवायला आतून फुगा जास्त फुगवावा, तर खडा भिंतीत घुसून हृदयच फाटायची भीती. शिवाय हृदयाचे ठोके चालवणारी जी विजेची वाट असते, ती त्या झडपेला अगदी चिकटून जाते. खड्यानं ती दाबली गेली तर ठोके मंदावतात, कधी बंदच पडतात. मग पेसमेकर. हे सगळं होईलच असं नाही, पण ह्या हृदयात होऊ शकतं हे धरूनच मी आत जाणार, असं त्या म्हणाल्या.

निर्णयासाठी बैठक बसली ती आमच्या लोणावळ्याच्या घरी, कारण मामंजींना सोडून बैठक बसत नाही. ज्याचं हृदय, ते आबा दाराजवळ उभे. मामंजींनी पाणी पिऊन, पावसाबद्दल बोलून झाल्यावर त्यांना बसवलं आणि मग मला विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची देतात?" मी म्हटलं, गॅरंटी नसते. "मग कंपनी बदलून बघा," मामंजी म्हणाले. ह्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आबाच म्हणाले, "करा. दम लागतूय, त्यो लय वंगाळ." तेवढं वाक्य बोलताना ते मध्ये दोनदा थांबले. मग बैठक उठली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई आबांना बघायला आल्या. काही विचारायचंय का म्हणाल्या. आबांनी विचारलं, "बाई, उटून बसाया कवा मिळंल?"

"इतकी कसली घाई आहे आबा?"

"घाई न्हाई. पावनं येत्यात."

बाई हसल्या. मी हसले नाही. मला त्यातला एक पाहुणा माहीत होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गावाहून जीप भरून माणसं आली. येताना शिरगावला साईबाबांचं दर्शन घेतलं होतं, म्हणून उशीर झाला. प्रत्येकाच्या हातात शहाळं. ज्या माणसाला पाण्याचा थेंब द्यायचा नव्हता, त्याच्यासाठी शहाळ्यांची रास लागली, आणि ती शेवटी भावकीनंच बाकावर बसून संपवली. माझा फोन सारखा वाजत होता. खंडाळ्याच्या बंगल्यातलं एक गिऱ्हाईक गीझरचं पाणी तापत नाही म्हणून चिडलं होतं. आत माझ्या बापाच्या हृदयात नळी गेलेली, आणि मी दारात उभी राहून सांगतेय, "सॉरी मॅडम, कॉइलवर क्षार आलाय मॅडम, माणूस पाठवते."

बाई बाहेर आल्या तेव्हा मास्क हनुवटीखाली होता आणि चेहरा दमलेला. झडप बसली, म्हणाल्या. एका कडेला, जिथं तो मोठा खडा होता, तिथं जरा फट राहिली. फुगा आणखी एकदा, जपून फुगवला, फट बरीच कमी झाली. त्याहून जास्त दाबलं नाही, कारण भिंत फाटली असती. थोडी गळती राहिली आहे, तेवढी त्यांचं हृदय सोसेल. पण ठोक्यांची वाट दाबली गेली आहे. सध्या हृदय स्वतःचा ठोका देत नाही. जांघेतल्या शिरेतून एक बारीक तार आत सोडली आहे, ती बाहेरच्या डबीला जोडली आहे, आणि ठोके ती डबी देतेय. एकदोन दिवस वाट बघू. वाट मोकळी झाली नाही तर पेसमेकर बसवू. तोवर त्यांनी उजवा पाय वाकवायचा नाही, उठायचं तर अजिबात नाही. तार तसूभर सरकली तर ठोका बंद.

मामंजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना त्यातली नेमकी एकच गोष्ट खटकली. "गळती ठेवून काम सोडतात होय?" ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "असलं काम मी नसतं खपवून घेतलं." आमच्या खंडाळ्याच्या मोठ्या बंगल्यात दर पावसाळ्यात दिवाणखान्यात दोन बादल्या ठेवाव्या लागतात. गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो, घाटातला पाऊस अनुभवायचा तर असाच.

आयसीयूत आबा उताणे पडले होते. गळ्यापर्यंत चादर, छातीवर आणि पाठीला दोन मोठाले पॅड चिकटवलेले. ते बाईंनी ऑपरेशन झाल्या झाल्याच लावून ठेवले होते. लागणार नाहीत, पण असू देत, म्हणाल्या होत्या. आबांची तक्रार एकच होती. त्यांची टोपी काढून घेतली होती. उघड्या डोक्यानं ते कुणासमोर येत नाहीत, म्हणून एक तळहात डोक्यावर ठेवून पडले होते. मी सिस्टरांच्या हातापाया पडून टोपी मिळवली आणि उशीखाली ठेवली. सिस्टरांनी आबांना पुन्हा पुन्हा बजावलं, पाय सरळ ठेवा, उठू नका. आबांनी प्रत्येक वेळी "व्हय" म्हटलं. त्यांचं 'व्हय' खोटं नसतं. फक्त त्यात व्याही धरलेले नसतात.

म्हणून मी आधी नवऱ्याला सांगितलं, मामंजींना काही आत पाठवू नका. आमचे हे म्हणाले, "अगं, ते भेटले नाहीत तर लोक काय म्हणतील?" ह्यांना लोकांची फार काळजी. मग मी स्वतः मामंजींसमोर गेले. लग्न होऊन आले त्यानंतर त्यांना मी कशाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. "मामंजी, तुम्ही काचेतूनच बघा. तुम्हाला बघितलं की आबा उठणार, आणि उठले तर तार सरकेल. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी काय परका आहे?" मामंजी म्हणाले. "मी सांगतो ना त्यांना, उठू नका म्हणून."

एका वेळी एकानंच आत जायचं होतं. दुपारची भेटायची वेळ झाली आणि पास मामंजींच्या हातात गेला. पांढरीशुभ्र इस्त्री, कडक टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. मी धावत जाऊन सिस्टरांना सांगेपर्यंत ते दार ढकलून आत होते. मी काचेला नाक लावून उभी.

पुढचं मला अजून नीट दिसतं. मामंजी खाटेच्या पायथ्याशी थांबले. आबांनी डोळे उघडले. मामंजींनी 'उठू नका' म्हणायला हवं होतं, ते म्हणणारही होते, पण सवय ती सवय. आधी त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवायला जागा शोधली. मग वर मॉनिटरकडे बघितलं, जसं आढ्याकडे बघतात तसं, आणि त्या हिरव्या रेघेबद्दल काहीतरी बोलले. तेवढ्यात आबांचा हात उशीखाली गेला. टोपी डोक्यावर आली. कोपर टेकलं. उजवा गुडघा चादरीखाली वर आला आणि आबा उठून बसले. त्यांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण मला ते शब्द पाठ आहेत. "या पावनं."

हिरवी रेघ सपाट झाली. आबांचे डोळे वर गेले आणि ते बाजूला कलंडले. टोपी खाली पडली.

मी किंचाळले असेन, दार ढकलून आत शिरले. सिस्टर माझ्याही आधी पोचल्या होत्या. एकीनं आबांना उताणं केलं, दुसरीनं मशीनचं बटण फिरवलं, आणि त्या पॅडमधून बाहेरूनच ठोके सुरू झाले. प्रत्येक ठोक्याला आबांची छाती खाटेवरून उडत होती. ते कण्हले. मी जन्मात कुणाच्या कण्हण्यावर एवढी खूश झाले नाही. बाई धावत आल्या, तार पुन्हा जागेवर घालायला बसल्या, आणि त्या गडबडीत भिंतीला चिकटून उभे असलेले मामंजी कुणाच्या तरी आड आले. "काका, व्हा बाहेर!" असं म्हणून सिस्टरनं त्यांना दंडाला धरून दाराबाहेर काढलं. त्यांना असं कुणी ढकललं असेल तर ते लहानपणी. बाहेर येऊन ते तसेच उभे राहिले. बाक रिकामं होतं, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

संध्याकाळपर्यंत मामंजींना आवाज परत आला. भावकीला ते सांगत होते, "बरं झालं मी आत होतो. माझ्यासमोर झालं म्हणून लगेच कळलं." भावकीनं मान डोलावली. मला त्यांच्या इस्त्रीवर शहाळं ओतावंसं वाटलं.

तार पक्की झाल्यावर बाईंनी मला आत सोडलं. वाट काही मोकळी होत नाही, उद्या सकाळी पेसमेकर बसवून टाकते, म्हणाल्या. आबांचा रंग परत आला होता. माझा हात धरून त्यांनी पहिलं विचारलं ते हे: "इवाई बसलं का?"

मला रडू आलं आणि राग आला. राग जास्त. आयसीयूत हळू बोलायचं असतं, म्हणून मी दात खाऊन हळू बोलले. म्हटलं, "आबा, मेला होतात तुम्ही. कळतंय का? त्या माणसापुढे उभं राहायला मेला होतात. काय मिळालं एवढी वर्षं उभं राहून? काय सोनं लागलंय त्यांना?"

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "त्यांना काय लागायचंय. तू हाईस ना त्यांच्या घरात. म्या बसलो, तर तितं तुला हुबं ऱ्हावं लागंल."

बोलण्यासारखं होतं ते बोलून त्यांना मारायचं नव्हतं. एवढी वर्षं हा माणूस माझ्या वाटचं उभं राहत होता, साबण लावलेल्या गालानं, चिखलात, धाप लागलेली असताना, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो उभा असतो तेव्हा मीही उभीच असते. मी डोळे पुसले आणि त्यांची टोपी पिशवीत घातली. सिस्टर म्हणाली, पाय सरळ ठेवा आबा. आबा म्हणाले, व्हय.

पेसमेकर बसला, डाव्या खांद्याखाली, काड्यापेटीएवढा. आबा घरी आले. थोडी गळती राहिली ती राहिली, पण दम गेला. महिन्याभरात ते खाचरापर्यंत न थांबता जायला लागले. गावात आता तो पेसमेकर बघायला माणसं यायची, आबा सदऱ्याची गुंडी काढून दाखवायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मामंजी भेटायला गेले त्या दिवशी मी आणि आमचे हे बरोबर होतो. आमची गाडी अंगणात शिरली. आबा दारापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, शेजारी दुसरी खुर्ची पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेली. मामंजी उतरले आणि आबा ताडकन उठले. धाप नाही, चक्कर नाही, झोक जाणं नाही. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं असतं तर खूश झाल्या असत्या. एवढं दगड झालेलं हृदय, नळ्या घालून, फुगे फुगवून, तारा ओढून, मरता मरता परत आणून आम्ही पुन्हा व्याह्यापुढे उभं राहण्यासारखं करून दिलं होतं.

"या पावनं."

मामंजींनी चपला काढल्या. भावाच्या बायकोनं आणलेलं पाणी घेतलं. मग वर बघितलं. अंगणात आढं नाही, म्हणून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या वर्षी पाऊस जरा..."

"आबा, बसा," मी म्हटलं.

मामंजी थांबले. आमच्या ह्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात तोंड घातलं. आबा माझ्याकडे बघायला लागले, आणि ते कसे बघत होते ते मला सांगता येणार नाही. ते भ्यायले होते. स्वतःसाठी नाही. आयसीयूत तार सरकली तेव्हाही त्यांच्या तोंडावर एवढी भीती नव्हती. बसायला ते तयारच नव्हते, आणि मी कितीही सांगितलं असतं तरी बसले नसते.

मग मी पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची ओढली आणि मामंजींच्या समोर बसले. पाठ टेकून. पाय पसरून. माझे गुडघे इतक्या जोरात वाजले की ते सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

आभाळ कोसळलं नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी बसलेलीच होते. मग त्यांनी मागे हात करून खुर्ची चाचपली आणि हळूच, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखे, कडेवर बसले. जरा वेळानं मागे सरकले.

मामंजी तांब्या हातात घेऊन उभे होते. तिसरी खुर्ची नव्हती. शेवटी ते ओट्यावर बसले, आणि चहा त्यांनी तिथंच घेतला.